कुलाब्याची सुई अलिबागला का गेली?

मुंबईत विजेची ट्राम आणायचं ठरलं आणि शहरातल्या काही चुंबकसुयांना गाशा गुंडाळावा लागला. कुलाब्याची वेधशाळा १८२६ सालची. १८४१ पासून तिथे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी नेमाने ठेवल्या जात होत्या. ट्राम काही वेधशाळेच्या आवारातून जाणार नव्हती, कुणी तिची जागाही मागितली नव्हती. पण ट्राम तारेतून वीज घेणार, आणि विजेची तार आसपास आली की चुंबकाची सुई हलते. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस (त्या पदावर बसलेले पहिले भारतीय) यांच्या काळात चुंबकीय उपकरणं खाडीपलीकडे अलिबागला हलवली गेली. साल १९०४. जुन्या आणि नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून १९०६ पर्यंत दोन्हीकडे मोजमाप चालू ठेवलं. मग ७ मे १९०७ रोजी ट्राम धावली.

गंमत म्हणजे कुलाब्यातून निघालेली सुई पोचली ती कुलाबा जिल्ह्यातच. रायगडचं तेव्हाचं नाव तेच होतं. आणि बसली तीही कुलाबा किल्ल्यासमोरच्या किनाऱ्यावर.

दहावीच्या विज्ञानात ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा असतो. त्यात ओरस्टेड येतो, फॅरेडे येतो, फ्लेमिंगचे दोन हात, म्हणजे बोटांवरून दिशा ओळखायचे नियम, येतात. परीक्षेच्या दिवशी वर्गात डोकावलं तर अर्धी मुलं बोटं वाकडी करून कसला तरी शाप दिल्यासारखी बसलेली दिसतात. डावा हात मोटरचा की जनित्राचा, एवढ्यावरच सगळं अडलेलं असतं. माझं मत विचाराल तर बोटांपेक्षा ही कुलाब्याची गोष्ट आधी सांगावी. त्या धड्याचा निम्मा भाग तिच्यात आहे. उरलेला निम्माही त्याच वेधशाळेच्या जुन्या दप्तरात आहे, त्याकडे नंतर येतो.

आधी सुई का हलते ते बघू.

१८२० साली कोपनहेगनमध्ये हान्स ख्रिस्तियन ओरस्टेड या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की तारेतून वीज सोडली की शेजारचं होकायंत्र वळतं. वीज बंद केली की सुई परत जागेवर. तोवर वीज आणि चुंबक ही दोन वेगळी खाती होती. चुंबक म्हणजे लोखंड ओढणारा दगड, वीज म्हणजे ठिणग्या आणि झटके. त्या दिवशी कळलं की तांब्याच्या तारेला, जिच्याकडे चुंबक ढुंकूनही बघत नाही तिला, वीज वाहत असेपर्यंत स्वतःभोवती चुंबकीय क्षेत्र असतं. आणि ते क्षेत्र तारेभोवती गोल असतं, बोटाभोवती अंगठी असावी तसं. सुई तारेकडे ओढली जात नाही, तारेला आडवी वळते, ती यामुळे.

‘चुंबकीय क्षेत्र’ हा शब्द ऐकून पोरं बिचकतात. त्यात गूढ काही नाही. एखाद्या जागी होकायंत्र ठेवलं तर ते कुठल्या दिशेला आणि किती जोराने वळेल, याचा हिशेब म्हणजे त्या जागेचं क्षेत्र. पुस्तकात काढलेल्या बलरेषा हवेत कुठेही नसतात. नकाशावर अक्षांश असतात तशाच त्या, आपल्या सोयीच्या.

आता आकडे. मोबाइलमध्ये होकायंत्राचं ॲप असतं. काही ॲप क्षेत्राचा जोरही दाखवतात, मायक्रोटेस्लामध्ये. ओव्हल मैदानाच्या मध्यावर जाऊन बघितलं तर आकडा त्रेचाळीसच्या आसपास येईल. हे मुंबईतलं पृथ्वीचं चुंबकत्व. घरात बघू नका, स्लॅबमधल्या सळया आकडा बिघडवतात. आता शंभर अँपियर वीज नेणारी एकटी तार दहा मीटरवर असेल, तर तिचं क्षेत्र भरतं दोन मायक्रोटेस्ला. त्रेचाळीसपुढे दोन म्हणजे किरकोळ वाटतं. पण वेधशाळेला मोजायचे असतात ते पृथ्वीच्या क्षेत्रातले दिवसभरातले बारीक चढउतार, आणि ते मायक्रोटेस्लाच्या शेकडाव्या भागातले. तार एक किलोमीटर लांब नेली तरी तिचा परिणाम त्याच पातळीवर येतो. म्हणजे सुई पृथ्वीमुळे हलली की गिरगावची ट्राम सुटली म्हणून हलली, हे सांगता आलं नसतं.

यात एक बारकावा आहे. घरातल्या वायरमध्येही वीज वाहते, मग इस्त्रीच्या वायरजवळ होकायंत्र का नाचत नाही? कारण त्या वायरीत दोन तारा चिकटून असतात, एकीतून वीज जाते तेवढीच दुसरीतून परत येते. दोघींची क्षेत्रं उलट दिशांची, त्यामुळे एकमेकींना खाऊन टाकतात. शिवाय आपली वीज सेकंदाला शंभरदा दिशा पालटते, तेवढ्या वेगाने सुईला वळता येत नाही. ट्रामची वीज मात्र एका दिशेची. ती जायची वरच्या तारेतून आणि परतायची खालच्या रुळांतून, त्यातली काही जमिनीत झिरपायची. जाण्यायेण्याच्या वाटा इतक्या लांब पडल्या की कोण कुणाला खाणार?

घरी करून बघायचं असेल तर लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडला वायंडिंगची तांब्याची तार मिळते. एक जाड खिळा घ्या, त्यावर शंभरेक वेढे घाला, दोन्ही टोकं सेलला लावा. टाचण्या उचलतो. उचलत नसेल तर तारेची टोकं पॉलिश पेपरने खरवडा. त्या तारेवर वार्निशचा थर असतो, आणि पहिल्यांदा करणारा प्रत्येक जण तो विसरतो. मीही विसरलो होतो, आणि तासभर सेललाच शिव्या घातल्या. टोकं चारपाच सेकंदांच्या वर लावून ठेवू नका, सेल तापतो.

इथे दोन गोष्टी झाल्या. तारेची गुंडाळी केल्यावर प्रत्येक वेढ्याचं क्षेत्र मधोमध एकाच दिशेने साठलं. पुस्तक या गुंडाळीला ‘नालकुंतल’ म्हणतं, मुंबईतला वायरमन ‘कॉइल’ म्हणतो. दुसरं म्हणजे आत लोखंड होतं. खिळा काढून नुसत्या कॉइलने टाचण्या उचलायला गेलात तर निराशा होईल.

लोखंडात असं काय आहे? प्रत्येक पदार्थात इलेक्ट्रॉन असतात आणि प्रत्येक इलेक्ट्रॉन स्वतः एक चिमुकलं चुंबक असतो. बहुतेक पदार्थांत त्यांच्या जोड्या लागलेल्या असतात, एक वर तोंड, एक खाली, बेरीज शून्य. लोखंड, निकेल, कोबाल्ट यांच्यात काही इलेक्ट्रॉन बिनजोडीचे उरतात आणि शेजारपाजारच्या अणूंमधले असे सगळे एकाच दिशेला तोंड करतात. अशा एकमुखी मोहल्ल्यांना ‘क्षेत्रिका’ म्हणा. साध्या खिळ्यात हे मोहल्ले भरपूर, पण प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. कॉइलमधून वीज गेली की ते एका दिशेला वळतात आणि कॉइलच्या क्षेत्रात स्वतःची मोठी भर घालतात. वीज बंद झाली की मऊ लोखंडातले बरेचसे पुन्हा विस्कटतात. पोलादात आणि फ्रिजच्या दारावरच्या चुंबकात ते विस्कटत नाहीत, म्हणून ते कायमचं चुंबक. खूप तापवलं की मात्र कुणीच रांगेत राहत नाही. लोखंडासाठी ती मर्यादा ७७० अंश सेल्सिअस. पृथ्वीच्या पोटात याहून कितीतरी जास्त उष्णता आहे, त्यामुळे ‘पृथ्वीच्या आत मोठी चुंबकाची पट्टी आहे’ हे पाचवीतलं चित्र तेवढ्यापुरतंच ठीक. खरं कारण बाहेरच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या प्रवाहांतली वीज. म्हणजे पृथ्वीही ओरस्टेडच्याच पंगतीची.

वीज वाहणारी तार चुंबकासारखी वागते म्हटल्यावर दुसऱ्या चुंबकाजवळ तिला ढकललं किंवा ओढलं जाणारच. त्या धक्क्याची दिशा सांगणारा तो फ्लेमिंगचा डावा हात. तारेची चौकट करून तिला आसावर बसवलं आणि ती सतत एकाच बाजूला ढकलली जाईल अशी तजवीज केली, की झाली मोटर. खेळण्यातल्या गाडीची मोटर उघडली तर आत दोन वाकडी चुंबकं आणि मधे तीन कॉइल दिसतात.

पण छताचा पंखा उघडलात तर आत चुंबक सापडणार नाही. (नवीन कमी वीज खाणारे पंखे सोडून, त्यांच्यात असतं.) बिनचुंबकाचा पंखा फिरतो कसा, हे सांगायला धड्याचा दुसरा अर्धा भाग लागतो.

विजेपासून चुंबक होतं, तर चुंबकापासून वीज का होऊ नये? ओरस्टेडनंतर दहा वर्षं युरोपभर लोक या मागे लागले होते. कॉइलमध्ये जोरदार चुंबक ठेवायचं आणि वीज मोजायच्या यंत्राकडे बघत बसायचं. काटा ढिम्म. जिनिव्हातल्या जाँ-दानिएल कोलादोंची गोष्ट तर हळहळ वाटावी अशी आहे. १८२५ साली त्याने मोजायचं यंत्र चुंबकाच्या परिणामातून सुटावं म्हणून लांब दुसऱ्या खोलीत ठेवलं. चुंबक कॉइलमध्ये सरकवायचं आणि मग काटा बघायला तिकडे जायचं. तो पोचेपर्यंत काटा हलून पुन्हा शून्यावर आलेला असायचा. जिना चढून फलाटावर यावं आणि गाडीचा शेवटचा डबा दिसावा, तसं.

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडेने लोखंडाच्या कड्यावर दोन वेगळ्या कॉइल गुंडाळल्या. एकीला बॅटरी, दुसरीजवळ सुई. बॅटरी जोडली त्या क्षणी सुई हलली आणि परत आली. बॅटरी जोडलेली असेपर्यंत काही नाही. काढली त्या क्षणी पुन्हा हलली, उलटीकडे. सगळे जण चुंबकाकडून वीज मागत होते. चुंबक वीज देत नाही. चुंबकीय क्षेत्र बदलत असेल, तेवढा वेळच वीज मिळते. क्षेत्र कितीही जोरदार असो, ते स्थिर असेल तर कवडी मिळणार नाही. या धड्यातला एकच शब्द लक्षात ठेवायचा असेल तर तो ‘बदल’. पुस्तकात याला ‘विद्युत चुंबकीय प्रवर्तन’ म्हणतात, हे नाव परीक्षेपुरतं.

बदल घडवायचा सोपा उपाय म्हणजे चुंबक फिरवत ठेवणं. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी घाटाखाली खोपोलीला सोडून १९१५ पासून टाटांनी मुंबईला वीज दिली, ती अशीच. पाणी चक्र फिरवतं, चक्र कॉइलच्या मधलं चुंबक फिरवतं. ट्रॉम्बेला पाण्याऐवजी वाफ, बाकी तेच. उत्तर ध्रुव समोरून गेला की वीज एका दिशेने, दक्षिण ध्रुव गेला की उलट. सेकंदाला अशी ५० आवर्तनं, तीच आपल्या घरातली प्रत्यावर्ती वीज, म्हणजे एसी. सौर पाट्या सोडल्या तर आपण वापरतो ती जवळजवळ सगळी वीज कुठे ना कुठे चुंबक फिरवूनच येते.

आता पंखा. त्यातल्या कॉइलना अशी पालटती वीज मिळते, म्हणजे क्षेत्र सतत बदलतं. पंख्याच्या फिरत्या भागात ॲल्युमिनियमच्या कांड्या असतात, त्यांना कुठलीही वायर जोडलेली नसते. बदलत्या क्षेत्रामुळे त्यांच्यात आपोआप वीज उपजते, त्या विजेचं चुंबकत्व तयार होतं आणि कांड्या बाहेरच्या क्षेत्रामागे ओढल्या जातात. फॅरेडे आणि ओरस्टेड एकाच डब्यात. फक्त क्षेत्र पुढेमागे न होता गोल फिरलं पाहिजे. त्यासाठी दुसऱ्या कॉइलला वीज थोड्या वेगळ्या वेळी पोचवावी लागते, ते काम कंडेन्सर करतो. म्हणून कंडेन्सर गेला की पंखा नुसता गुणगुणतो, जागचा हलत नाही, आणि काठीने ढकलला तर बिचारा हळूहळू फिरायला लागतो. गरगर फिरवणारं कुणी नाही, पण एकदा दिशा दाखवली की चालतो.

हाच ‘बदल’ लोकलच्या इतिहासातही आडवा आला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी धावली, १५०० व्होल्ट दिष्ट धारेवर, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या डीसीवर. नव्वद वर्षं मुंबई त्यावर चालली. मग २०१२ मध्ये पश्चिम रेल्वे आणि २०१६ पर्यंत मध्य आणि हार्बर २५ हजार व्होल्टच्या एसीवर गेली. एवढा खटाटोप कशाला? समजा एका गाडीला ऐन वेगात ३ मेगावॅट लागतात. १५०० व्होल्टवर त्यासाठी २००० अँपियर ओढावे लागतात, २५ हजारांवर फक्त १२०. तारेत उष्णता बनून वाया जाणारी वीज अँपियरच्या वर्गावर ठरते. तार तीच धरली तर तोटा पावणेतीनशे पटींनी कमी.

मग डीसी ठेवूनच २५ हजार का नाही घेतले? कारण तेवढा दाब मोटरला थेट देता येत नाही, तो डब्यात उतरवून घ्यावा लागतो. दाब उतरवण्याचं साधं यंत्र म्हणजे रोहित्र, ट्रान्सफॉर्मर, गावाकडे सगळे ज्याला डीपी म्हणतात ते. आणि रोहित्र म्हणजे दुसरं काही नाही, फॅरेडेचं ते दोन कॉइलचं कडंच आहे. एका बाजूला जास्त वेढे, दुसरीकडे कमी. पण त्याला बदलतं क्षेत्र हवं. डीसी लावली तर दुसरी कॉइल झोपून राहते. आजच्या गाड्या वरून एसी घेतात, रोहित्राने उतरवतात, तिची डीसी करतात आणि त्या डीसीपासून इलेक्ट्रॉनिक्सच्या मदतीने हव्या त्या वेगाने पालटणारी एसी नव्याने तयार करून मोटरला देतात. गाडी सुटताना चढत्या सुरात ऐकू येणारी घूंsss ही त्या यंत्रणेची. ब्रेक लावताना उलटं होतं. मोटर जनित्र बनते आणि गाडीच्या वेगाची वीज करून तारेत परत ढकलते. वीज काढून घेताना चाकांवर अडवणूक येते, तोच ब्रेक. फुकट वीज मिळत नाही, ती काढायला जोर खर्चावा लागतो, हा लेन्झचा नियम. दारात उभे राहणारे ठाणे येताना रोज अंगावर घेतात.

स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी असेल तर तिच्या काचेखाली एक चपटी कॉइल आहे, आणि तिच्यातली वीज सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा पालटते. वरच्या भांड्याच्या बुडात त्यामुळे वीज गरगरू लागते आणि बूड स्वतःच तापतं. जर्मनचा टोप तिच्यावर चालत नाही, याचं कारण ‘ॲल्युमिनियममध्ये वीज येत नाही’ असं अनेक जण सांगतात. येते. पण ॲल्युमिनियम तिला फारशी अडवत नाही, आणि अडवणूक नसेल तर उष्णता कुठून येणार? लोखंडासारख्या चुंबकीय धातूत ती वीज बुडाच्या अगदी पातळ थरात कोंबली जाते, अडखळते, तापवते. म्हणून बिडाचा तवा तिच्यावर मस्त चालतो. स्टीलची काही भांडी चालतात, काही नाही. दुकानात फ्रिजचं चुंबक घेऊन जावं आणि बुडाला चिकटतं का बघावं. दुकानदार हसतो, हसू दे.

आता ते जुनं दप्तर.

२ सप्टेंबर १८५९. कुलाब्याला नेहमीसारखी माणसं सुईच्या नोंदी घेत होती, हाताने. त्या दिवशी पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा भाग एकाएकी सुमारे १.६ मायक्रोटेस्लाने खाली घसरला. आदल्या दिवशी रिचर्ड कॅरिंग्टन या इंग्लिश खगोलप्रेमीने सूर्यावर एक झगझगीत भडका पाहिला होता. त्याच सौर वादळाचा हा तडाखा. मोजून ठेवलेल्या चुंबकीय वादळांमध्ये ते सर्वांत मोठ्यांपैकी गणलं जातं आणि कुलाब्याचे आकडे आजही त्याच्या अभ्यासात वापरले जातात. वर केलेला हिशेब आठवा. शंभर अँपियरची एक तार दहा मीटरवर आली तर दोन मायक्रोटेस्ला. एवढं सगळं वादळ एका ट्रामच्या तारेआड लपलं असतं.

१.६ मायक्रोटेस्ला हा आकडा लहान, पण तो पृथ्वीच्या केवढ्या तरी पसाऱ्यावर एकदम बदलला. आणि तोवर युरोप-अमेरिकेत शेकडो मैल लांबीच्या तारायंत्राच्या तारा पसरल्या होत्या, दोन्ही टोकं जमिनीत पुरलेल्या. म्हणजे पृथ्वीएवढ्या फॅरेडेची एकेका वेढ्याची कॉइलच. त्यांच्यात वीज उपजली. कुठे तारायंत्रावरच्या माणसांना झटके बसले. अमेरिकेत बॉस्टन आणि पोर्टलंडच्या ऑपरेटरांनी बॅटऱ्या काढून टाकल्या आणि नुसत्या त्या आकाशातून आलेल्या विजेवर एकमेकांशी बोलत राहिले. १३ मार्च १९८९ रोजी अशाच, पण लहान वादळाने कॅनडातल्या क्विबेक प्रांताची वीज नऊ तास घालवली, लांबच लांब वाहिन्यांतून रोहित्रांमध्ये नको असलेली वीज शिरली म्हणून.

त्यामुळे अलिबागच्या नोंदी आजही चालू आहेत, भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली. लोकल मात्र अजून अलिबागला पोचलेली नाही. तिथल्या लोकांची ती जुनी तक्रार आहे. सुईची नाही.